रिबीन बांधलेल्या नरोट्या

आईने कॉफी सोडली, हे आमच्या लक्षात यायला चार-पाच महिने लागले. घरात माणसं चार: आई, मी, बायको आणि मुलगी. त्यात कॉफी पिणारी एकटी आई, बाकीचे आम्ही चहाचे. त्यामुळे कॉफीची बरणी भरलेली आहे की रिकामी, याची चौकशी करणारं दुसरं कोणी नव्हतं. एका रविवारी डबे पुसताना बायकोने ती बरणी उघडली, तर आतल्या पावडरचा दगड झालेला. बरणी तशीच हातात घेऊन ती माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "आई कॉफी पीत नाहीत आजकाल."

मी विचारलं, कधीपासून? ते तिला सांगता आलं नाही. मलाही आलं नसतं.

बाहेरच्या माणसाला ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण आमच्या आईला ओळखणारा माणूस ती ऐकून मटकन खुर्चीत बसला असता. आम्ही विदर्भातले. बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये लागले आणि आई लग्नानंतर सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये आली. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक तेलुगू अम्मा राहायच्या. आईला कॉफीची सवय त्यांनी लावली, एवढं आम्हा भावंडांना ठाऊक होतं. रोज दुपारी चार वाजता मागच्या अंगणात दोघींची कॉफी व्हायची. त्या वेळी आम्हाला कितीही भूक लागली, पडलो, रक्त निघालं, तरी पाच मिनिटं थांबावं लागे. विहारात आलेल्या बायका आईला "मद्रासीण" म्हणून चिडवत. आई हसायची आणि त्यांना चहा करून द्यायची. स्वतः चहाला शिवत नसे. पुढे अम्मा विशाखापट्टणमला मुलीकडे गेल्या, बाबा वारले, क्वार्टर सुटलं आणि आई स्मृति नगरच्या आमच्या घरी आली. कपड्यांच्या पेटीत लुगड्याच्या घडीत गुंडाळून पितळी फिल्टर घेऊन आली. रोज सकाळी स्वतःची कॉफी स्वतः करायची. त्या वेळी ओट्याजवळ कोणी गेलेलं तिला खपत नसे.

मग मागच्या दिवाळीनंतर तिला खोकला झाला, छातीत उतरला, दवाखान्यात अकरा दिवस काढावे लागले. घरी आली ती निम्मी होऊन. डॉक्टरांनी पुष्कळ सूचना दिल्या. बायकोने त्यांची यादी करून फ्रिजवर चिकटवली आणि आईला सांगितलं, तुम्ही आता फक्त बसायचं, सगळं जागेवर येईल. सगळं जागेवर आलंही. औषध, मऊ भात, चहा. आई तो चहा पिऊ लागली. ज्या बाईने पन्नास वर्षांत चहा तोंडाला लावला नव्हता, ती मुकाट्याने चहा पीत होती आणि आम्ही म्हणत होतो, चला, सुधारून राहिली.

बरणीचा दगड पाहिल्यावर मी तिला विचारलं, "आई, कॉफी नाही पीत तू? तोंडाची चव गेली का?"

ती म्हणाली, "तसंच समज."

मी तसंच समजलो. भिलाई-३च्या रेल्वे ऑफिसात माझं आयुष्य फाइली सांभाळण्यात गेलं. फाइलीवर एकदा शेरा पडला की माझ्या डोक्यात ती बंद होते.

पण मनात भीती बसली. बाबा गेले ते असे एकेक गोष्ट सोडत गेले होते. आधी पेपर वाचणं सोडलं, मग संध्याकाळचं फिरणं, मग रेडिओ, मग आमच्याशी बोलणं. प्रत्येक वेळी आम्ही म्हणालो, वय झालं. आता आईने कॉफी सोडली होती. तिने ती परत प्यायलाच हवी, एवढं एकच माझ्या डोक्याने घेतलं. प्यायली तर राहील. हे कोणाला बोलून दाखवण्यासारखं नव्हतं, म्हणून मी बायकोला सांगितलं, आईचा वाढदिवस करू आणि तिला कॉफीची एक छान भेट देऊ.

आईचा वाढदिवस म्हणजे प्लांटच्या मेडिकल बुकात लिहिलेली तारीख. खरी कोणालाच माहीत नाही. ती बाबांनी भरतीच्या वेळी खिडकीवर उभ्या उभ्या सांगून टाकली. अंदाज इतका चुकला की तिच्यात आणि तिच्या धाकट्या भावात चार महिन्यांचं अंतर पडलं. दर वर्षी त्या तारखेला मामा फोन करून तिला "जुळी बहीण" म्हणतो.

भेट निवडायला मी तीन आठवडे घेतले. मुलीच्या लग्नासाठी स्थळ पाहताना माणूस इतका चोखंदळ होत नाही. ऑफिसात विचारलं, तर एकाने साडी सुचवली, दुसऱ्याने बीपीचं मशीन. जुनवानीच्या मॉलमध्ये गेलो, तर तिथल्या मुलीने मला एक पांढरा मग दाखवला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की जगातली सर्वांत चांगली आई हीच. मी म्हणालो, हे तिला वाचता येणार नाही. ती म्हणाली, "अंकल, आप पढ़के सुना देना." मी तो खाली ठेवला. मला अभिरुची आहे असा माझा एक जुना गैरसमज आहे. चारचौघांसारखी वस्तू घेतली की तो दुखावतो.

शेवटी त्याच मॉलच्या खालच्या मजल्यावर हस्तकलेचं एक दुकान सापडलं आणि तिथे ती पेटी. साध्या लाकडाची, वर सरकवायचं झाकण, आत कागदाच्या बारीक पट्ट्यांचा गादीसारखा थर. त्यावर डोंगरातल्या कॉफीची दोन पाकिटं, वाळलेल्या फुलांची एक काडी, आणि मधोमध, तेल देऊन चकचकीत केलेले नारळाच्या नरोटीचे दोन कप. तळाला लाकडाची चकती बसवलेली. मी एक कप हातात घेतला आणि भाळलोच. इतका हलका, इतका गुळगुळीत. दुकानदारीण बाई म्हणाल्या, यात प्लास्टिकचा एक कण नाही, सगळं निसर्गातलं. मी मान डोलवली, जणू निसर्गाचं आणि माझं घरचं येणंजाणं आहे. त्यांनी पेटीला लाल रिबीन बांधून दिली. रिबिनीला अडकवायच्या चिठ्ठीवर काय लिहावं याचे मी ऑफिसात दोन दिवस मसुदे केले आणि शेवटी "आईला" एवढंच लिहिलं.

मेडिकल बुकातला दिवस आला. ऊन असं की कूलरसुद्धा गरम हवा फेकत होता. अशा दिवसात कॉफीची भेट देणारा माणूस भिलाईत मी एकटाच असेन. संध्याकाळी बायकोने खीर केली. मुलगी कॉलेजातून लवकर आली. आई दिवाणावर भिंतीला टेकून बसली होती. मी पेटी तिच्या मांडीवर ठेवली.

तिने रिबीन ओढली नाही, गाठ सोडवली. ती बोटांना गुंडाळून बाजूला ठेवली. झाकण सरकवलं. कॉफीचं पाकीट काढून नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. तेवढ्या एका क्षणापुरता मी जिंकलो होतो. बायकोकडे मी असं पाहिलं की, बघ, तोंडाची चव म्हणे गेली. मुलगी दुसरं पाकीट घेऊन दूध तापवायला आत पळालीसुद्धा.

मग आईचा हात त्या कपाला लागला. तिने तो उचलला, उलटा केला, सुलटा केला. पेटीच्या बाहेर, दिवाणावर ठेवला आणि पदराला हात पुसले. हाताला काही लागलेलं नव्हतं.

"हे कावून आणलं बाबू?"

मी प्लास्टिकबद्दल सांगू लागलो. निसर्गाबद्दल सांगितलं. हाताने घासून हे किती मेहनतीने करतात तेही सांगितलं. आई ऐकत होती. तेवढ्यात मुलगी कॉफीचं पातेलं घेऊन आली आणि त्या कपात ओतायला वाकली.

"त्याच्यात नको टाकू," आई म्हणाली.

"आजी, एक बार ट्राय तो करो. कितना क्यूट है."

"बाई, तुले म्हटलं ना, नको."

आमच्या मुलीशी आई त्या आवाजात कधी बोलली नव्हती. मुलगी पातेलं धरून तशीच वाकलेली राहिली. आईने तिला हाताने खुणावलं, पातेलं खाली ठेव, बस. आणि मग तिने जे सांगितलं ते मी वयाच्या चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं.

आई तेव्हा आठ वर्षांचीही नसेल. तिचे वडील बाजाराच्या दिवशी सरपणाच्या मोळ्या विकायला शेजारच्या मोठ्या गावी जात आणि ती हट्ट करून सोबत जाई. मोळ्या विकल्या की ते मोटार थांबायची त्या जागेजवळच्या चहाच्या हॉटेलाशी यायचे. हॉटेलात नाही, हॉटेलाशी. बाहेर काट्याकुड्यांचं कुंपण होतं. कुंपणाच्या खुंट्यांवर तीन-चार नरोट्या अडकवलेल्या असायच्या, देवळात फोडलेल्या नारळांच्या. आपल्या लोकांनी त्यातली एक काढायची, धुवायची, खाली बसून समोर धरायची. हॉटेलवाला उभ्याने वरून चहा ओतणार. पिऊन झाला की परत धुवायची आणि खुंटीला लावायची. मग पैसे जमिनीवर ठेवायचे.

"मी लहान होती," आई म्हणाली. "मले वाटे, बाकीच्यायले कप आन् आपल्याले नरोटी, म्हणजे आपला काहीतरी मान असल. घरी येऊन मी पोरींमध्ये फुशारकी मारत होती."

पुढे गावातले सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. आजोबा परत आले ते धोतराच्या सोग्यात एक कपबशी बांधून. पुढच्या बाजाराला ती घेऊन हॉटेलाशी गेले आणि कप पुढे केला. हॉटेलवाल्याने किटली तशीच हातात धरून विचारलं, नरोटी कुठे गेली? आजोबा कप धरून उभे राहिले, मग तो परत सोग्यात बांधला आणि आईचं बोट धरून निघाले. त्यानंतर त्यांनी चहा घेतला नाही. बाहेर नाही आणि घरीही नाही. त्यांच्या घरात चहाची पुडी पुन्हा आलीच नाही, म्हणून आईला चहाची सवय कधी लागली नाही.

मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो होतो की आमच्या आईची आवड जरा वेगळी, जरा उंची आहे.

अम्मांचंही तिने सांगितलं. क्वार्टरमध्ये नवीन आली होती. पहिल्याच दुपारी शेजारच्या बाईने हाक मारून आत नेलं, सैपाकघरात नेलं, कॉफी दिली. आई प्यायली. पिऊन झाल्यावर गिलास धुवायला उठली. "तर तिनं माझ्या हातातून उष्टा गिलास ओढून घेतला, आन् आपल्या गिलासात घालून ठेवला. खाली एक, वर एक. मले भाषा नाही समजत होती तिची. पण ते समजलं." मग म्हणाली, बाबांनी आणि तिने ठरवलं होतं, पोरांना हे सांगायचं नाही. इथं प्लांटमध्ये सगळे सारखे आहेत तर सारखंच वाढू द्यायचं.

मुलीचे डोळे भरले होते आणि त्या वयात डोळे भरले की माणसाला काहीतरी करावंसं वाटतं. ती म्हणाली, "आजी, मैं दूसरे में लाती हूँ," आणि पातेलं उचलून आत गेली. बाहेर आली ती आजीच्या रोजच्या स्टीलच्या गिलासात कॉफी घेऊन. आईने गिलास हातात घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि न पिता दिवाणावर ठेवला. त्या नरोटीच्या बाजूला.

इथे एक गोष्ट मला सांगावी लागते. आत्तापर्यंत सांगितली नाही, कारण तोपर्यंत ती सांगण्यासारखी आहे असं मला वाटलंच नव्हतं. फ्रिजवरच्या त्या यादीत एक सूचना अशी होती, की संसर्ग जाईपर्यंत पंधरा दिवस आजीबाईंचं ताट-गिलास वेगळं ठेवा. बायकोने वेगळं काढलं. पण स्टीलचे गिलास सगळे एकसारखे, मिसळणार. तेव्हा मी मुलीच्या नेलपॉलिशची बाटली आणली आणि आईच्या गिलासाला, ताटाला, वाटीला, चमच्याला काठाखाली एकेक लाल ठिपका दिला. बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या वर एक छोटं स्टँड लावलं, तिथे ती भांडी. ऑफिसात मी ही युक्ती दोघा-तिघांना सांगितलीसुद्धा. पंधरा दिवस झाले, महिना झाला, सहा महिने झाले. भांडी तिथेच राहिली. त्यामागे कोणाच्या मनात काही नव्हतं. आमच्या घरात एकदा लागलेली गोष्ट लागलेली राहते.

गिलासाचा लाल ठिपका आईला दिसत होता. मलाही.

मी म्हणालो, "आई, यानं सोडली होती का तू कॉफी?"

तिने पेटीतल्या कागदाच्या पट्ट्या सारख्या केल्या. मग म्हणाली, "डॉक्टरनं पंधरा दिवस म्हटले होते. मी मोजत होती. सोळाव्या दिवशी वाटलं, आज कोणी उचलल. मग मोजणं सोडून देलं." आणि पुढे म्हणाली, "चायचं काय, ते कशातही पिता येते. कॉफी मले तशी नाही पिता येत."

बायको दाराशी उभी होती ती खालीच बसली. म्हणाली, "आई, तुम्ही एकदा तरी बोलायचं ना आमाले."

"काय बोलू? माझ्याच घरात मी कोणाले सांगू, माझा गिलास आत घ्या म्हणून?"

रागाने नव्हतं ते. राग असता तर बरं झालं असतं; त्याला काही उत्तर देता आलं असतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण कोणत्या गोष्टीपासून सुरू करावं ते कळेना. नेलपॉलिशपासून की नरोटीपासून. तीन आठवडे हिंडून, चोखंदळपणाने निवडून, रिबीन बांधून मी तिला तेच आणून दिलं होतं, जे तिच्या बापाने खुंटीवरच सोडून दिलं होतं.

त्या नरोट्यांचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. मुलगी म्हणाली फेकून देऊ. आई म्हणाली, तुमची वस्तू आहे, तुमी पाहा. दुकानात परत न्यायला मी दोनदा निघालो आणि तिथल्या बाईंना कारण काय सांगायचं या विचाराने गेटवरून मागे आलो. पेटी कपाटावर आहे. बाल्कनीतलं स्टँड मात्र त्याच संध्याकाळी निघालं. बायकोने ते काढलं, भिंतीतले खिळेसुद्धा.

पण ते नंतर. आधी आई उठली. भिंतीला हात लावत, हळूहळू, सैपाकघरात गेली. दिवाळीपासून पहिल्यांदाच. आम्ही तिघं मागे. तिने पातेल्यात उरलेली कॉफी परत गॅसवर ठेवली, पाकिटातली आणखी पावडर चमच्याने घातली, चाखून बघितली आणि मुलीला म्हणाली की चमचा छोटा आहे की तुझा अंदाज. मुलगी रडता रडता हसली. कप कुठे आहेत ते आईने विचारलं नाही. सिंकच्या बाजूला माझा चहाचा कप पालथा होता, कानाजवळ टवका गेलेला, ऑफिसच्या कुठल्याशा निरोपसमारंभात मिळालेला. तिने तो सुलटा केला, काठोकाठ भरला आणि ओट्याला टेकून उभ्याने प्यायली. फुंकर मारत, घाई न करता. आम्ही असे बघत होतो की कोणाला वाटावं, ही बाई काही अवघड काम करून राहिली.

निम्मा कप झाल्यावर तिने तो माझ्यापुढे धरला.

"घे. मले इतकी नाही जात आता."

मी घेतला. कॉफी कोमट झाली होती, साखर माझ्या डॉक्टरांना ऐकवण्यासारखी नव्हती आणि वर साय आलेली. मी ती सायीसकट प्यालो. संपेपर्यंत आई माझ्याकडे बघत उभी होती. मग तिने हात पुढे केला, माझ्याकडून रिकामा कप घेतला आणि सिंकमध्ये, दुपारच्या आमच्या सगळ्यांच्या खरकट्या भांड्यांत, ठेवून दिला.